मक्याचे वडे, आंबिवलीचा फौजदार आणि माझं बंद तोंड

या ब्लॉगवर तुम्ही हंपी वाचलंत, लेह वाचलंत, बाली तर तीन भागांत वाचलंत, कारण तिथे माझी बॅग हरवलेली आणि ते दुःख मी पुरवून पुरवून लिहिलेलं. या वेळी आंबिवली. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. ठाण्यातलं वर्तकनगर ते कल्याणपुढची आंबिवली, एक मुक्काम, एक स्कूटर, दोन माणसं आणि उद्देश असा, की तो माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रशांतने, ऑफिसात कुणालाही सांगितला नाही. आम्ही एका कुत्र्याला अमेरिकन भजी खाऊ घालायला चाललेलो.

तर झालं असं. माझी बेबीमावशी आंबिवलीला राहते. तिच्या सासऱ्यांची जिथे भातशेती होती तिथे आता तीन मजली इमारत आहे, आणि तळमजल्यावर मावशी आणि तिचा कुत्रा फौजदार. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हेमंत बंगळुरूला असतो. मावशीला साधा फोन चालत नाही, व्हिडिओ कॉलच लागतो. बुधवारी तिचा कॉल आला तेव्हा स्क्रीनवर मावशी नव्हती, एक कागद होता. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की येत्या रविवारी सकाळी अकराच्या सोसायटीच्या सभेत माझा कुत्रा भुंकला, तर मी त्याला मुरबाडला दिरांच्या वाडीवर कायमचा पाठवीन. खाली सही.

"मावशी, हे कुणी लिहून घेतलं तुझ्याकडून?"

"मीच दिला लिवून," मावशी म्हणाली. "रोज रोज तक्रारी. माझी पन काय इज्जत हाय का नाय?"

आता फौजदार हा कुत्रा कसा आहे ते सांगते. रंगाने तांबडा, एक कान उभा, एक पडलेला, जातीचं विचारू नका. चावत नाही. पण बेल वाजली की भुंकायला लागतो आणि मावशी दार उघडेपर्यंत थांबत नाही, आणि मावशी दार उघडायला तिच्या वेळेने येते. कुरिअरवाला, दूधवाला, वरच्या मजल्याच्या जोशीबाई, सगळे त्याला वैतागलेले. सभा म्हणजे वीसेक माणसं मावशीच्या दारासमोर पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसणार. तो गप्प राहण्याची शक्यता शून्य. आणि मावशी दिलेला शब्द फिरवणाऱ्यातली नाही, तिने एकदा रागात चहा सोडला तो अजून सोडलेलाच आहे. फौजदार मुरबाडला गेला तर त्या घरात ती एकटी. रात्रभर माझ्या डोक्यात तेच.

गुरुवारी सकाळी दात घासताना मला शिल्पा आठवली. शिल्पा माझी जुनी मैत्रीण, डोंबिवलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाला राहून आली. तिने मागे एकदा सांगितलेलं, की तिकडे दक्षिणेत मक्याच्या पिठाचे छोटे गोल वडे तळतात, त्यांना हशपपी म्हणतात, आणि ते नाव पडलं कारण पूर्वी स्वयंपाक करताना कुत्री भुंकायला लागली की बायका कढईतला एक वडा त्यांच्यापुढे टाकायच्या. गप्प बस रे बाळा, असं म्हणून.

झालं. मला उत्तर सापडलेलं. मी तोंडात फेस घेऊन प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "त्यापेक्षा त्याला बिस्किटं देऊन बघितलीत का?" हा माणूस प्रत्येक गोष्टीत असाच आडवा येतो.

गुरुवारी संध्याकाळी घरीच एक प्रयोग केला. फडताळात मक्याच्या पांढऱ्या पिठाचा पुडा होता, आपण मंच्युरियनला लावतो ते. मका तो मका, असा विचार केला. कढईत सोडल्यावर गोळ्यांचे आधी ढग झाले, मग खळ झाली, मग एक गोळा असा फुटला की छताला अजून डाग आहे. शिल्पाला फोन केला. ती पाच मिनिटं हसली आणि म्हणाली, "अगं बाई, ते नव्हे. वाळलेला पिवळा मका आण, जाडसर दळून घे. शनिवारी इकडेच ये, आमची गिरणी चांगली आहे."

म्हणून हा दौरा असा ठरला: शनिवारी वर्तकनगर, डोंबिवली, कल्याण, आंबिवली. रविवारी सभा. रविवारी संध्याकाळी परत.

शनिवारी सकाळी साडेआठला निघालो. दीड किलो मका वाण्याकडून घेतलेला, तो माझ्या मांडीवर. माजिवड्यापर्यंत सिग्नलच सिग्नल, पुढे नाशिक हायवेला लागलो की कामं चाललेली, धूळ खात जायचं, ट्रकच्या मागे जास्त वेळ राहू नका. माणकोलीला उजवीकडे वळून खाडीवरचा नवा पूल घ्या. ज्यांनी पूर्वी ठाण्याहून डोंबिवलीला जायला शिळफाट्याचा फेरा घातलाय त्यांना या पुलावर भरून येईल. मला आलं. थंडीचे दिवस, खाली खाडी, कडेला तिवरं, पाण्यावर पांढरे बगळे. मी प्रशांतच्या कानात सगळं वर्णन करत होते. तो म्हणाला की हेल्मेटमधून त्याला फक्त 'फू फू' ऐकू येतंय. मी तरी बोलत राहिले, मला सवय आहे.

डोंबिवली पश्चिमेला उतरल्यावर आधी खाऊन घेतलं. मिसळ, जास्तीचा पाव, ताक. तिखट जेवढी मागाल तेवढीच देतात, शहाणपण करून 'जास्त' म्हणू नका. प्रशांतने म्हटलं आणि पुढचा अर्धा तास तो फार मनमिळाऊ झालेला, कारण त्याला बोलता येत नव्हतं.

मग गिरणी. गिरणीवाले काका पिठाने पांढरे, भुवयांसकट. मी डबा पुढे केला.

"मका? कोंबड्या पाळल्यात का?"

"नाही, कुत्र्यासाठी हवंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग प्रशांतकडे. प्रशांत भिंतीवरचं दरपत्रक वाचायला लागला. काका म्हणाले, "आत्ता मालवणी वड्यांचं पीठ चाललंय, त्यात धने-मेथी आहे. त्याच्यावर तुमचा मका टाकला तर वास लागणार. मधे दोन ज्वारीचे डबे जाऊ देत, मग घेतो."

हे गिरणीचं शास्त्र मला लहानपणापासून माहितीय. आपल्या आधी काय दळलं हे विचारल्याशिवाय आईने कधी डबा पुढे केला नाही. पण दोन ज्वारीच्या डब्यांना वेळ किती, आणि मला घाई. मी म्हटलं, "टाका हो काका, कुत्र्याला काय कळतंय."

रांगेतल्या एका आजींनी आपला डबा पोटाशी धरला आणि म्हणाल्या, "कुत्र्यालाच कळतं. माणसाला नाही कळत." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पीठ रव्याएवढं जाडसर, सोन्यासारखं पिवळं निघालं, आणि त्याला मेथीचा वास होता.

शिल्पाच्या घरी चहा आणि शिकवणी. लिहून घ्या: मक्याचं जाडसर पीठ दोन वाट्या, मैदा पाऊण वाटी, एक अंडं, ताक लागेल तेवढं, मीठ, चिमूटभर साखर, बेकिंग पावडर एक चमचा, आणि कांदा अगदी बारीक चिरून. पीठ भज्यांपेक्षा घट्ट, वड्यांपेक्षा सैल. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे मका ताक पितो. चमच्याने गोळे सोडायचे, मध्यम आच. एक बाजू झाली की ते आपोआप उलटतात, झारा लावावा लागत नाही. तिकडे हे तळलेल्या माशांबरोबर खातात, आणि मासे ज्या तेलात तळले त्याच तेलात तळतात.

"आणि कुत्र्यासाठी करशील त्यात कांदा घालू नकोस," शिल्पा म्हणाली. "कुत्र्यांना कांदा विष असतो. त्याचे वेगळे कर, बिनमिठाचे, आणि एकदोनच दे. तळलेलं आहे शेवटी."

प्रशांतने विचारलं, "पण ही कुत्र्याची गोष्ट खरी आहे का?"

शिल्पा म्हणाली की तिने चार वर्षांत चार वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. कुणी म्हणे शिकारी लोक शेकोटीजवळ बसून कुत्र्यांना टाकायचे. कुणी म्हणे लढाईच्या काळात शत्रू जवळ आला की सैनिक आपल्या कुत्र्यांची तोंडं असं काहीतरी टाकून बंद करायचे. कुणी म्हणे घरच्या बायका टाकायच्या. आणि तिकडचे काही जाणकार म्हणे सरळ सांगतात, की वडे आधीचे आहेत आणि गोष्टी नंतर जुळवल्यात. "पण मला ज्या शेजारच्या आजींनी हे शिकवलं ना, त्या शपथेवर सांगायच्या की कुत्रं गप्प होतंच."

"त्यांचा कुत्रा होत होता का गप्प?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे मांजर होतं," शिल्पा म्हणाली.

प्रशांत हसला नाही, पण कप खाली ठेवायला त्याला जरा वेळ लागला.

डोंबिवलीहून ठाकुर्ली, तिथून नव्वद फुटी रस्ता, मग पत्रीपूल, मग कल्याण. पत्रीपुलाचं काम किती रखडलं त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कल्याणची मंडळी हळवी आहेत. कल्याणात थांबून बांगडे घेतले, कारण शिल्पाने माशांचं सांगितलेलं आणि मावशीकडे रिकाम्या हाताने जायची माझी हिंमत नाही. तिथून वडवली ओलांडली की आंबिवली. गाडी नसेल तर कसारा लाइनची लोकल पकडा, किंवा कल्याणहून रिक्षा मिळते, पण रिक्षावाला चौथं माणूस येईपर्यंत हलत नाही, तेव्हा पुस्तक न्या.

चारच्या सुमाराला पोचलो. मी बेल वाजवली. फौजदार आतून भुंकायला लागला. मी परत वाजवली. तो भुंकतच होता. मी ओरडले, "मावशी, मी निमा!" वरच्या गॅलरीतून जोशीबाई म्हणाल्या, "वाजवा, वाजवा. आम्ही पण असेच वाजवतो. राणीसाहेबांना वाटलं तर उघडतील." माझं टाळकंच सरकलं. मी काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि फौजदार पंखा बंद केल्यासारखा गप्प झाला.

"आयलीस का गो," मावशीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "कवापासून उभी हाय?"

"आत्ताच आले," मी म्हटलं.

ती संध्याकाळ मी बोलले. मी नेहमीच बोलते, पण मावशीपुढे जास्त. आमच्या घराण्यात मावशीइतकं ऐकून घेणारं कुणी नाही. ती समोर बसते, माझ्या तोंडावरून नजर हलवत नाही, मधे टोकत नाही, सल्ले देत नाही. प्रशांत दर दोन वाक्यांनी 'मुद्द्यावर ये' म्हणतो. मावशीने मला आयुष्यात कधी मुद्द्यावर ये म्हटलेलं नाही. मी तिला हशपपीची सगळी गोष्ट सांगितली, शिकारी, सैनिक, मांजरवाल्या आजी, सगळं. तिने शेवटी पिठाच्या डब्यात नाक घातलं आणि म्हणाली, "यात मेथी हाय."

रविवारी सकाळी साडेसातला मागच्या पडवीत घाणा घातला. शेगडी खाली, मावशी पाटावर, मी तिच्या मागच्या बाजूला पीठ घेऊन, प्रशांत बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन. आणि आता त्या घरातला नियम सांगते. तळण चालू असताना कुणी बोलायचं नाही. मावशीच्या सासूने घालून दिलेला. लग्नाचे वडे असोत नाहीतर सणाच्या करंज्या, पहिला वडा तेलात गेला की बायांची तोंडं बंद, शेवटचा बाहेर येईपर्यंत. कुणी बोललं तर वडे तेल पितात. लहानपणी एकदा मी 'मला भूक लागली' म्हटलेलं आणि त्या दिवशीचे चार घाणे तेलकट झाल्याचा आळ अजून माझ्यावर आहे. आगऱ्यांत सगळीकडे असं असेल असं नाही, पण त्या घरात आहे. आणि हे वडे अमेरिकेचे असले तरी तेल आंबिवलीचं, तेव्हा नियम लागू.

दीड किलो मक्याचे वडे तळायला सव्वा तास लागतो. सव्वा तास मी गप्प. वाचकहो, लेहमध्ये मला श्वास लागलेला, त्याच्याहून हे अवघड गेलं. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात बोलले. मग तेही संपलं. मग करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी बघायला लागले.

मावशीच्या मागे गॅसवर डाळीचा कुकर लावलेला होता. एक शिट्टी झाली. दोन झाल्या. तीन. मावशी तळत होती. चौथी झाली. फौजदार उंबऱ्यात झोपलेला, तो उठला, कुकरकडे तोंड करून दोनदा भुंकला, आणि मावशीच्या समोर येऊन उभा राहिला. मावशीने त्याच्याकडे बघितलं, झारा ठेवला, उठली, गॅस बंद केला. फौजदार जाऊन परत झोपला.

मला वाटलं, हुशार आहे हो कुत्रा.

मग बेल वाजली. फौजदार दाराशी धावत गेला आणि भुंकायला लागला. मावशी तळत होती. तो भुंकत आत आला, तिच्या गुडघ्याला नाक लावलं, परत दाराशी गेला, परत आला. तिसऱ्या वेळी मावशीने मान वर केली, मला हातानेच 'दार बघ' अशी खूण केली, आणि त्याच क्षणी तो गप्प झाला. दारात दूधवाला होता. प्रशांत पेपरमागे झोपलेला होता, त्याचं काही सांगू नका.

मी परत आत आले. वडे काढायला घेतलेलं परातीएवढं स्टीलचं ताट हातातून सुटलं आणि मावशीच्या पाठीमागे, तिच्यापासून दोन हातांवर, फरशीवर पडलं. ते ताट गोल गोल फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं. बाहेर प्रशांत खुर्चीतून उडाला. फौजदारने दोन्ही कान उभे केले, पडलेला पण. मावशीची पाठ हलली नाही. ती वडे उलटतायत का ते बघत होती.

मी तशीच उभी राहिले. बोलायचं खूप होतं आणि तोंड उघडायची बंदी होती. शेवटचा वडा बाहेर येईपर्यंत मी गेली काही वर्षं आठवत होते. साधा फोन का नको, माझं तोंड बघायचं का असतं, हाक मारली तर वळत का नाही. आणि गेल्या वर्षी माझी नोकरी गेली, ते मी प्रशांतच्या आधी मावशीला येऊन सांगितलेलं, अंधार पडलेला, मी खाली मान घालून रडत बोलत होते. तिने माझा हात धरलेला आणि म्हणालेली, 'व्हईल गो बरा.' मी ते शब्द वर्षभर जपून ठेवलेले. तिने माझा एकही शब्द ऐकलेला नव्हता.

मावशीने शेगडी बंद केली. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"मावशी, तुला ऐकू येत नाही."

तिने आधी दाराकडे बघितलं, प्रशांत तर नाही ना. "हलू बोल," ती म्हणाली. "त्याला ऐकाया जाईल."

"किती दिवस?"

"दोन वर्षां झाली. एक कान पुरा गेला, दुसऱ्यानं ढोल वाजला तर कलतं." आणि मग तिने माझा हात घट्ट धरला. "हेमंतला सांगू नको. तो लगेच येईल आन मना घेऊन जाईल. आठव्या मजल्यावर. याला नेणार नाय." याला म्हणजे फौजदारला. तो कढईजवळ बसून वड्यांकडे बघत होता.

आता तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं. खरं सांगितलं तर हेमंत मावशीला नेणार आणि कुत्रा जाणार. नाही सांगितलं तर अकरा वाजता तो भुंकणार आणि कुत्रा जाणार. आणि ज्याला सगळी इमारत आगाऊ म्हणते तो बिचारा दोन वर्षं मावशीचे कान झालेला. एक हाक देऊन ती येत नाही, हे त्याला कळलं, म्हणून ती येईपर्यंत भुंकायचं त्याने ठरवलेलं. आम्ही माणसं इतकी येणारीजाणारी, आमच्यात कुणाला कळलं नाही. मला तर नाहीच, मी बोलत होते ना.

"नाही सांगत," मी म्हटलं.

मग उरली फक्त हशपपी. साडेदहाला फौजदारसाठीचे बिनकांद्याचे वडे निवले. पहिला त्याच्यापुढे ठेवला. त्याने हुंगला. मेथी. माझ्याकडे असं बघितलं की गिरणीतल्या आजी आठवल्या. मग एक बांगड्याचा तुकडा त्यात कोंबला, तेव्हा उपकार केल्यासारखा त्याने तोंडात धरला.

अकराला सभा सुरू झाली. चेअरमन पाटीलकाका, वीसेक खुर्च्या, जोशीबाई पहिल्या रांगेत. आम्ही मावशीच्या दारात. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, फौजदार गप्प. रंगकामाचा झाला, गप्प. त्याच्या तोंडात दुसरा वडा होता. मला तर वाटायला लागलं की त्या मांजरवाल्या आजी खऱ्या होत्या. प्रशांतने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याने मान दिला.

तेवढ्यात पाटीलकाकांनी यादीतून वर न बघता हाक मारली, "बेबीताई, तुमचा विषय."

मावशी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती. काका परत म्हणाले, "बेबीताई." मावशी रस्त्याकडेच. जोशीबाई खुर्चीतून वळल्या, "बघा, हे असंच. हाका मारून मारून घसा सुकतो, पण मान वळवून बघायची पद्धत नाही. कुत्र्याचं जाऊ द्या हो, माणसाला काही किंमत आहे की नाही?"

आणि फौजदार भुंकला. तोंडातला वडा पाटीलकाकांच्या पायाशी जाऊन पडला. तो मावशीसमोर जाऊन भुंकला, तिच्या गुडघ्याला नाक लावलं, काकांकडे बघून भुंकला, परत नाक लावलं. मावशीने वळून बघितलं. तो गप्प.

सगळे मावशीकडे बघत होते. मी तोंड उघडलं. मी शब्द दिलेला होता, तरी उघडलं, मला राहवेना. मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला. सगळ्यांसमोर, लहान मुलीला करतात तसा. हाताला तेलाचा आणि मेथीचा वास होता.

"भुकला," ती म्हणाली. "मी लिवून दिलाय. तो मुरबाडला जाईल." माझ्या तोंडावरचा हात तिने काढला. "पन ज्याला दोष द्यायचा तो मना द्या. मना ऐकाया येत नाय. दोन वर्षां. तो तुमच्यावर भुकत नव्हता, तो मना हाक मारतो. जोशीबाई, तुमी मना हाक मारलीत ती मना कवाच ऐकाया नाय आली. मी काय तुमच्यावर फुगलेली नव्हती."

जोशीबाई उठल्या. मला वाटलं निघून जातायत. त्या मावशीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळूच, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का हो. मी वर बसून दोन वर्षं तुम्हाला शिव्या घालतेय." मावशी म्हणाली, "मना काय ठाव. मना त्या पन ऐकाया नाय आल्या." आणि दोघी हसायला लागल्या, आणि जोशीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाटीलकाकांनी तो लिहून दिलेला कागद फायलीतून काढून चार तुकडे केले आणि पुढचा विषय गच्चीची गळती असं जाहीर केलं.

माणसांसाठीचे कांदा घातलेले वडे बांगड्यांबरोबर सगळ्या इमारतीने संपवले. 'कोंबडीबरोबर बरे लागतील' असं चौघांनी सांगितलं. तेल प्यायलेले नव्हते, हे मुद्दाम नोंदवते.

हेमंतला मावशीने स्वतः फोन लावला, माझ्या समोर, स्पीकरवर, आणि तो काय म्हणतोय ते मी तिला तोंड हलवून सांगितलं. तो आधी चिडला, मग रडला, मग तिकीट काढलं. शेजारी येऊन बसलेल्या जोशीबाईंनी त्याला मधेच सांगितलं की आईला न्यायचं नाव काढायचं नाही, इकडे एवढी माणसं आहेत. संध्याकाळी पाचला आम्ही निघालो. परतीचा रस्ता तोच, पण पुलावर अंधार होत आलेला, म्हणून वर्णन करायला काही नव्हतं. मी बोलले नाही. माणकोलीला प्रशांतने गाडी कडेला घेऊन विचारलं, "मागे आहेस ना?"

याला आता पाच आठवडे झाले. दौऱ्याचा हिशोब मांडायचा तर हशपपीने कुत्रा गप्प होत नाही. प्रयोग एक, निकाल साफ. ज्यांना करून बघायचे असतील त्यांनी चवीसाठी करा, चव फार छान आहे, फक्त गिरणीत आपल्या आधी काय दळलं ते विचारा. मी दर रविवारी करते आणि तळताना बोलत नाही. माझ्या छोट्या घाण्याच्या पाऊण तासात मला कळलेल्या गोष्टी: आमचा मिक्सर एक दाता तुटल्यासारखा वाजतो, शेजारचा मुलगा तबला शिकतोय, आणि प्रशांत स्वतःशी गाणी म्हणतो, बेसूर.

हेमंत येऊन मावशीला कल्याणला घेऊन गेला, तपासणी झाली, कानाला मशीन बसलं. मावशी आंबिवलीतच आहे. फौजदार पण. बेल वाजली की तो अजून दाराशी जातो, पण मावशी लगेच उठते, तेव्हा त्याला एकदाच भुंकावं लागतं.

परवा मावशीचा फोन आला. साधा फोन. मी सवयीने जोरात सुरू केलं, मिक्सरचं, तबल्याचं.

"हलू बोल गो," मावशी म्हणाली. "ऐकाया येतंय."

मी थांबले.

मग ती म्हणाली, "निमे, गेल्या वर्षी तू सांजचं येऊन माझ्याजवल रडलीस. मी हात धरला तुझा. पन तू काय बोललीस ते मना अजून ठाव नाय. आता सांगशील?"

मी खुर्ची ओढून बसले आणि तिला नोकरी गेल्याचं सांगितलं.